कुरूप पायात शोधण्याआधी चपलेत बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं घरगुती उपायांचं सदर आमच्या दुकानात मोठ्याने वाचलं जातं. चपलेला टाका पडेपर्यंत गिऱ्हाईक बाकावर बसलेलं असतं आणि हाताशी पेपर असतो. गेल्या रविवारी त्या सदरात पायाच्या कुरुपावर उपाय आला. पाय कोमट पाण्यात भिजवावा, नव्या ब्लेडने वरचं टणक कातडं तासून काढावं, त्यावर रुईचा चीक लावून कापूस बांधावा, आठवड्याभरात कुरूप मुळासकट निघेल. पाय भिजवण्यापर्यंत सगळं ठीक आहे. त्यापुढचं छापायला नको होतं, असं माझं मत आहे. का, ते सविस्तर लिहितो. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण साखरेच्या रुग्णांबद्दलचा मजकूर तेवढा कापू नका.

मी मिरजेत चपला करतो. वडिलांचाही हाच धंदा होता. तरुणपणी काही वर्षं कुष्ठरोग्यांच्या एका दवाखान्यातल्या चप्पल विभागात होतो, नंतर स्वतःचं दुकान टाकलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. जतपासून विजापूरपर्यंतचे पेशंट इथे येतात आणि त्यातले काही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे पोचतात. औषधाचं मला फारसं कळत नाही. पण चप्पल हातात घेतली की पायाला कुठे काय झालं असेल, हे बहुतेक वेळा सांगता येतं.

आधी ‘मुळासकट’चं बघू. कुरुपाला मूळ नसतं. पायाच्या एकाच जागी रोज दाब पडत राहिला किंवा काही घासत राहिलं की कातडं स्वतःला वाचवायला तिथे जाड होतं. जाडी पसरट असली की आपण त्याला घट्टा म्हणतो. तो सहसा दुखत नाही. तोच दाब लहानशा जागेवर, बहुधा हाडाच्या टेंगळावर एकवटला की जाड कातड्याचा मधला भाग खिळ्यासारखा आत दबतो, रुंद बाजू वर आणि टोक आत. चालताना ते टोक आतल्या नसांना टोचतं आणि माणूस लंगडतो. हे सगळं मेलेलं कातडंच असतं, आतून उगवलेलं काही नसतं. ते कितीही खोल कोरून काढा, वरचा दाब तसाच राहिला तर काही आठवड्यांत कातडं पुन्हा जाड होतं. लोक म्हणतात, ‘मूळ राहिलं.’ राहिलेली असते ती चप्पल.

आमच्याकडच्या खेड्यांत कुरूप म्हणजे काटा मोडून आत राहिला, अशी पक्की समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. ऊसतोडीत किंवा रानात अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यात बाभळीच्या काट्याचं टोक राहून त्याभोवती गाठ होते, आणि ती काढायला डॉक्टरच लागतो. पण करंगळीवर बाहेरच्या अंगाला झालेल्या कुरुपात काटा कुठून येणार? तरी लोक सुईने कोरत बसतात, वर बिब्बा नाहीतर रुईचा चीक घालतात. बिब्ब्याने कातडं भाजून फोड येतात, हे ज्याने एकदा अनुभवलं त्याला सांगायला नको. रुईचा चीकही तसाच दाहक, आणि तो हात चुकून डोळ्याला लागला तर पायाचं राहिलं बाजूला.

तळव्यावरची चामखीळ हाही एक घोळ आहे. ती विषाणूने होते, कुरूप दाबाने होतं. डॉक्टरांनी मला शिकवलेली खूण सांगतो. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात आणि कातड्याच्या रेषा तिथे येऊन तुटतात. तिच्यावर ब्लेड चालवलं तर रक्त येतंच, शिवाय ती आजूबाजूला पसरू शकते. आपल्या सदरातल्या उपायात हा फरक कुठेच नव्हता.

आता माझ्या हद्दीतलं. कुरूप कुठे झालंय यावरून चप्पल ओळखता येते. करंगळीच्या वर किंवा बाहेरच्या कडेला असेल तर बूट पुढे अरुंद आहे. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या बेचक्यात असेल तरी कारण तेच, फक्त तिथे घाम साचतो म्हणून कुरूप टणक न होता पांढरं, ओलसर, मऊ पडतं. लोक त्याला चिखल्या समजून महिनोन्महिने मलम लावतात. चवड्याखाली असेल तर टाच उंच आहे किंवा तळ झिजून पातळ झालाय. वय वाढलं की चवड्याखालची चरबीची गादी विरळ होते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला जुनीच चप्पल अचानक टोचायला लागते. अंगठ्याच्या आतल्या बाजूला असेल तर कोल्हापुरीचा अंगठा आवळ बसवलेला असतो. ‘वापरून सैल होईल’ असं सांगून आवळ चप्पल गळ्यात मारणारे आमच्यातच आहेत. चामडं थोडं सैल होतं हे खरं, पण तोवर पायाने किंमत मोजलेली असते. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर काळपट घट्टा असेल तर चपलेचा दोष नाही, ते जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याचं लक्षण. शिंपी, सोनार, भजनी मंडळी, आणि आम्ही चप्पलवालेही. माझ्या दोन्ही घोट्यांवर आहे आणि त्याने काही बिघडत नाही.

बायकांचं एक वेगळंच. दुसऱ्या बोटात जोडवी असतात. चपलेत त्यांचा त्रास नसतो. पण नर्सबाईंना किंवा कारखान्यातल्या बायकांना बंद बूट सक्तीचा असतो. त्यात जोडवं शेजारच्या बोटावर दाबलं जातं आणि तिथे हमखास कुरूप होतं. अशा बाईंना मी ड्युटीपुरती जोडवी काढून ठेवायला सांगतो. सासू घरी असते, ड्युटीवर नसते.

बुटाच्या मापाचं दुखणं तर देशभराचं आहे. खोक्यावरचा सात-आठ हा आकडा पायाची लांबी सांगतो. रुंदीचा पत्ता नसतो. ही मापं इंग्रजांच्या आणि युरोपच्या पायावरून आलेली आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या १ लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा आपले पाय पुढे जास्त रुंद असतात हे दिसलं आणि त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. आमच्या बाकावर बसणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटलं नाही. रुंद पायाचा माणूस दुकानात काय करतो? बूट आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतो. मग बूट लांब होतो, टाच आत-बाहेर होते, पाय पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा टोकाला जाऊन चेपतात. पैसे जास्त जातात आणि कुरूप आहे तिथेच राहतं.

एटीएमवरचा एक रखवालदार माझ्याकडे यायचा. एजन्सीने दिलेले काळे बूट घालून बारा-बारा तास उभा. उजव्या करंगळीवर कुरूप, त्यावर कायम औषधी पट्टी. पट्टीने कातडं सोलून निघायचं, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. मी त्याचा पाय बाजूला ठेवला आणि बुटात हात घातला. टोकाचा तुकडा जिथे वरच्या चामड्याला जोडतात तिथली शिवणीची दुमड आत आली होती आणि घामाने कडक झाली होती. बोटाने चाचपली तर धारच लागत होती. रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, ती दुमड छिलून सपाट केली. मग चामडं ओलं केलं, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, करंगळीच्या जागी चामड्याचा एक तुकडा ठोकला, बूट त्यावर चढवला आणि रात्रभर ताणून ठेवला. सकाळी बुटाला त्या जागी बाहेरून छोटा फुगवटा आला होता. दिसायला बरा नव्हता, पण करंगळीला खोली मिळाली. महिन्याभराने तो आला तेव्हा कुरुपाच्या जागी फक्त जाडसर कातडं होतं, रोज आंघोळीला वजरीने घासून उतरत आलेलं. विचारतो, “मामा, कुरुपाला काय लावलंत?” मी म्हटलं, “कुरुपाला काहीच नाही. जे लावलं ते बुटाला.”

म्हणून आपल्या सदरात खरोखर उपयोगाचं लिहायचं असेल तर असं लिहा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, खाकी कागदावर उभं राहून पायाची आकृती काढावी. बसून नाही, उभं राहून, कारण अंगाचं वजन पडलं की पाय पसरतो. त्या आकृतीवर आपला बूट ठेवावा. आकृती बुटाच्या बाहेर जिथे डोकावेल तिथेच कुरूप आहे की नाही बघा. दोन्ही पायांची काढावी, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. माप मोठ्या पायाचं घ्यावं. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, आणि लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. बूट घेताना आत हात घालून शिवणी चाचपाव्यात.

घरी करायचं ते एवढंच. दहा मिनिटं कोमट पाणी, मग वजरी हलक्या हाताने. कातडं गुलाबी दिसायच्या आधी थांबायचं, एका दिवसात सगळं काढायचा हट्ट नको. पाय कोरडे करून व्हॅसलीन किंवा दुकानात मिळणारं युरियाचं क्रीम लावावं, पण बोटांच्या बेचक्यात लावू नये, तिथे ओल धरते. बेचक्यातलं मऊ कुरूप कोरडं ठेवायचं आणि दोन बोटं एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये कापूस किंवा फोमचा तुकडा घालायचा. कुरुपावर स्पंज लावायचा असेल तर मध्ये भोक पाडून, भोक कुरुपावर येईल असा लावावा. लोक बरोबर उलटं करतात, कुरुपावरच जाड गोळा चिकटवतात. त्याने दाब वाढतो. आणि बोटच वाकडं झालं असेल, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलं असेल, तर चपलेने त्रास कमी होईल, हाड सरळ होणार नाही. तिथे हाडाच्या डॉक्टरला दाखवावं.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कॉर्न कॅपबद्दल, म्हणजे कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्टीबद्दल, माझं म्हणणं असं. मधल्या गोल ठिपक्यात साधारण ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते जाड कातडं मऊ करतं, पण कुरूप कुठे संपतं आणि चांगलं कातडं कुठे सुरू होतं हे त्याला कळत नाही. पायाला पूर्ण जाण असलेल्या धडधाकट माणसाने कुरुपापुरताच ठिपका बसवून, खोक्यावरच्या सूचनेप्रमाणे वापरला तर त्याला मी नाही म्हणत नाही. ॲसिड चांगल्या कातड्याला लागलं तर त्याला झोंबतं आणि तो पट्टी काढून टाकतो.

ज्याला झोंबतच नाही, त्याचं काय? हा मजकूर मी आधी म्हटलं तसा कापू नका. साखरेचा आजार बरीच वर्षं असला की पायाची जाण हळूहळू कमी होते आणि रक्तपुरवठाही मंदावतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात साखरेचे रुग्ण १० कोटींहून जास्त आहेत. म्हणजे आपलं सदर वाचून ब्लेड हातात घेणाऱ्यांत ते असणारच. अशा पायावर जाड कातडं आलं की ते स्वतःच खड्यासारखा दाब देतं, आत खालचं मांस चिरडत जातं, वरून मात्र सगळं शाबूत दिसतं. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. एक दिवस मोज्याला डाग दिसतो. एक बाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या चिठ्ठी घेऊनच, दोन बोटं गेल्यानंतर. कुरूप त्यांनी घरी ब्लेडने तासलं होतं. थोडं रक्त आलं, दुखलं नाही, म्हणून त्या निर्धास्त राहिल्या. साखरेच्या रुग्णाने कुरुपाला ब्लेड, ॲसिड, चीक, बिब्बा यांतलं काहीही लावू नये. जाड कातडं डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं. पाण्याचा गरमपणा हाताच्या कोपराने बघावा, पायाने नाही. रोज रात्री तळवे बघावेत, वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून.

जाण गेलीय हे ओळखायला डॉक्टरांकडे नायलॉनचा दोरा असतो, तो तळव्याला टेकवून विचारतात. आमच्याकडची खूण साधी आहे. माणूस दुकानाच्या पायऱ्या चढून आत येतो आणि एक चप्पल पायरीवरच राहिलेली असते. “काका, चप्पल?” म्हटलं की खाली बघतो, तेव्हा त्याला कळतं. अशा माणसाला मी हवाई चप्पल विकत नाही. ती पायात ठेवायला बोटं आवळावी लागतात, आणि याची बोटं ते काम विसरलेली असतात. त्याला मागे पट्टा असलेली चप्पल लागते.

हे सगळं कुष्ठरोगाच्या दवाखान्यांत केव्हाच कळलेलं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड हे सर्जन १९४६ साली रुजू झाले. कुष्ठरोग्याचे हातपाय रोगाने सडून झडतात, असंच तेव्हा सगळे धरून चालत. जाण गेलेल्या पायावर पडत राहणाऱ्या रोजच्या दाबाने आणि न कळणाऱ्या जखमांनी ते झिजतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यातूनच मऊ तळाच्या चपलेवर काम झालं. आम्ही वापरतो ते एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. चिमटीत दाबलं की निम्मं बसतं, सोडलं की पुन्हा वर येतं. त्याच्या खाली कडक रबराचा तळ असतो, काटा आरपार जाऊ नये म्हणून. या चपलेत खिळा मारायचा नाही, हा दवाखान्यातला पहिला धडा होता. सगळं काम डिंक आणि टाक्यावर. एका मुलाने घाईत एक चुका, म्हणजे बारीक खिळा, ठोकला तर आमच्या उस्तादांनी ती अख्खी जोडी कापून टाकली होती. दिसायला या चपला ओबडधोबड असतात. साखरेचे रुग्ण नाक मुरडतात, ‘ही महारोग्याची चप्पल’ म्हणतात. निळ्या-काळ्या तळावर तपकिरी चामडं चढवून दिलं की घेतात.

कुष्ठरोग्यांना या चपला सरकारी कार्यक्रमातून मिळतात. साखरेच्या ज्या रुग्णाच्या पायाची जाण गेली आहे त्याचा पाय चपलेच्या हिशेबाने तसाच असतो, तरी त्याला त्या स्वतः शोधत फिरावं लागतं. जिल्हा रुग्णालयांनी गावातल्या दोन-चार चप्पल कारागिरांना एमसीआरचं काम शिकवलं तर ही वणवण थांबेल. कठीण काम नाही. हात बसलेला कारागीर आठवड्यात शिकतो, अडचण फक्त चांगलं रबर मिळण्याची आहे. मेडिकलवाल्यांनी कॉर्न कॅप देताना ‘साखर आहे का?’ एवढं विचारावं. ती सूचना खोक्यावर असते, पण बारीक इंग्रजीत. डॉक्टरांनाही विनंती आहे की पाय तपासताना दाराबाहेर काढून ठेवलेली चप्पल आत मागवून एकदा उलटी करून बघावी. तळ कुठे झिजलाय आणि आत कुठे काळा खड्डा पडलाय, ते बघायला मिनिटही लागत नाही.

आणि आपल्याला विनंती अशी की रुईच्या चिकाची आणि ब्लेडची दुरुस्ती पुढच्याच रविवारी, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. आतल्या पानावर खुलासा म्हणून नको. तो आमच्या बाकावर कुणी वाचत नाही.

कळावे,
एक चप्पल कारागीर, मिरज

ता. क. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला आईबाप पोरांना घेऊन येतात आणि ‘वाढत्या मापाचे द्या’ म्हणतात. बोटभर जागा ठीक आहे, दोन नंबर मोठा नको. सैल बूटही घासतो, आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या टाचेवर घट्टे मी त्यामुळेच पाहिले आहेत. पोराला सोबत न आणता नुसता दोऱ्याने पाय मोजून आणणाऱ्यांना तर मी बूट देतच नाही. शेजारचा देतो.